केदारखेड्याला नेलेला निरोप

जालना जिल्ह्यात हौसेने हिंडायला कुणी जात नाही. लेणी पाहणारे औरंगाबादहून परततात, देवाधर्माचे लोक पैठणहून. मीही गेले नसते. माझा जन्म रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठचा, नोकरी पुण्याच्या कॉलेजात, आणि शिकवते आंतरराष्ट्रीय राजकारण. मराठवाड्याशी माझा संबंध वर्गात येणाऱ्या मुलांपुरता. अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत मी तिकडे गेले ती एक निरोप पोचवायला. तो मुलूख माझ्या वाचकांपैकी थोड्यांनीच पाहिला असेल, म्हणून हे लिहिते आहे.

निरोपाची हकीकत आधी सांगायला हवी.

इराण आणि इराकचं युद्ध तेव्हा आठव्या वर्षात होतं. दोघेही एकमेकांची, आणि एकमेकांना मदत करणाऱ्यांची तेलाची जहाजं फोडत होते. कुवेतने घाबरून अमेरिका आणि रशिया दोघांकडेही संरक्षण मागितलं. रशिया तयार होतोय म्हटल्यावर अमेरिकेलाही गप्प बसवेना. बघता बघता त्या चिंचोळ्या आखातात जगातल्या दोन्ही बलाढ्य आरमारांच्या युद्धनौका फिरू लागल्या. मी वर्गात फळ्यावर दोन वर्तुळं काढून सांगत होते, की एकाने भीतीपोटी उचललेलं पाऊल दुसऱ्याला चाल वाटते, मग तोही एक पाऊल टाकतो, आणि शेवटी दोघेही आधीपेक्षा जास्त असुरक्षित होतात. आमच्या विषयात ह्याला सुरक्षेचा पेच म्हणतात.

तास संपल्यावर विलास बाकावर बसून राहिला. एम.ए.चा विद्यार्थी, भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याचा. म्हणाला, "मॅडम, माझा भाऊ तिथं व्हता. जहाजावर. दिवाळीपासून पत्ता न्हाई."

जहाजावर हल्ला झाल्याची बातमी रेडिओवर होती, आणि कंपनीची तार आली होती: बेपत्ता. बस्स, एवढंच. घरी वडील आणि भावजय. वडिलांचं ठाम मत, की ह्यामागे अमेरिका आहे. विलासचं तितकंच ठाम, की इराकला शस्त्रं देऊन रशियानेच हे पेटवलं. त्यावरून बापलेकांत असं भांडण झालं, की बोलणं बंद. "अण्णा तुमचं ऐकतील," तो म्हणाला. "तुमचा तर विषयच हाय."

मी लगेच हो म्हटलं नाही. पण नाताळात गावी गेले तेव्हा चौकशी केली. आमच्या खाडीकाठी घरटी एक माणूस जहाजावर असतो. पलीकडच्या मोहल्ल्यातला रफीक त्याच जहाजावर होता असं निघालं. भाजलेले हात घेऊन घरी आला होता. त्याने सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "ताई, तुम्ही जाणार असाल तर त्याच्या घरच्यांना सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

ते मी विलासला सांगितलं नाही. सांगायचं तर आधी त्याच्या भावजयीला, असं मला वाटलं.

शहागड

नगर, पाथर्डी, गेवराई करत एसटीने मी दुपारी शहागडला उतरले. विलास घ्यायला आला होता. पुलाखाली गोदावरी पसरलेली. आमच्याकडे नदी म्हणजे डोंगरातून धावत येते आणि समुद्राला भेटून मोकळी होते. इथली नदी बसून राहिल्यासारखी वाटली. काठाने ऊस, आणि काठापासून जरा दूर गेलं की काळी, भेगाळलेली जमीन नि वाळत आलेली ज्वारी. हमरस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली. ढाब्यावर नदीतला मासा मिळतो म्हणून मी हौसेने मागवला. त्यावर लाल तेलाचा जाड थर होता. पहिल्या घासालाच ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. ढाबेवाला पाण्याचा तांब्या घेऊन धावला. "समिंदराकडच्या ना तुम्ही? आमच्या माशाला चवच मिरचीची असती," म्हणाला.

तो हसला, मीही हसले. त्या प्रवासात मी हसले ते एवढंच.

पुढची एसटी बिघडून पडली होती. आम्ही उसाच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून निघालो. ड्रायव्हर म्हणाला, "बिलकुल घाबरू नका, जल्दी पोचवतो," आणि ट्रक बैलगाडीच्या मागे बैलगाडीच्याच चालीने चालवत राहिला. रस्ताभर उसाच्या गाड्या, गाडीवर पोरंबाळं, खाली बांधलेल्या कोंबड्या.

अंकुशनगर

विलासचा भाऊ सुभाष जहाजावर जायच्या आधी इथल्या साखर कारखान्यात फिटर होता. समुद्रापासून इतक्या लांबचा माणूस जहाजावर गेला कसा, हे मला कळत नव्हतं. ते इथे कळलं. अंकुशनगर म्हणजे कारखाना आणि त्याभोवती वसलेली चाळ, दुकानं, शाळा. हंगाम ऐन भरात होता. हवेत मळीचा आंबूस वास, आणि चिमणीतून उडालेली काजळी वाळत घातलेल्या धोतरांवर बसत होती.

सुभाषचा जोडीदार काशिनाथ अजून बॉयलरवर काम करतो. पाळी संपवून घाम पुसत आला आणि आम्हाला आपल्या खोलीवर घेऊन गेला.

"हंगाम संपला की आम्ही सहा महिने बेकार," त्याने सांगितलं. "सुभ्या म्हणायचा, वाफ कळती, पाना धरता येतो, मंग सहा महिने माश्या का मारायच्या? मुंबईला गेल्ता एकदा पाव्हण्याकडं. तिथं कुणी सांगितलं, जहाजाच्या पोटात बी असंच असतं. बॉयलर, पंप, नळ्या. झालं. तोच नाद."

"तुम्ही अडवलं नाहीत?"

"मी? मी त्याच्या संगं जाणार व्हतो." काशिनाथ हात पुसायचा थांबला. "माझी आई आजारी पडली म्हणून राह्यलो. आता आई म्हणती, माझ्यामुळं वाचलास."

आम्ही निघताना त्याने सुभाषची एक आठवण सांगितली. जहाजावरून पहिल्यांदा सुटीवर आल्यावर लोकांनी विचारलं, समुद्र कसा असतो? सुभाष म्हणाला, कुणाला ठाऊक, मी तर खालीच असतो.

केदारखेडा

जालन्याला मुक्काम करून सकाळच्या गाडीने आम्ही केदारखेड्याला पोचलो. पूर्णेच्या पात्रात पाणी थोडं आणि वाळू फार. शेतांत हुरड्याचे दिवस सरत आले होते. बौद्धवस्ती गावाच्या एका अंगाला. विहार नुकताच रंगवलेला. विलासचं घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. पडवीत बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी भलामोठा, कापडावर चिकटवलेला जगाचा नकाशा.

विलासचे वडील प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. ताठ बसणारा, स्वच्छ धोतरातला माणूस. रेडिओ मांडीशी. माझं स्वागत त्यांनी हात जोडून केलं आणि मुलाकडे पाहिलंही नाही.

घराची अवस्था मला तासाभरात कळली. प्रेत नाही, मेल्याचा दाखला नाही, म्हणून गुरुजींनी जलदान विधी करू दिला नव्हता. त्यांच्यात माणूस गेल्यावर हा विधी करतात. भावकी म्हणत होती, किती दिवस असं ठेवता? सुभाषची बायको सुनंदा ह्या सगळ्याच्या मधोमध अडकली होती. लग्नाला दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गळ्यात मंगळसूत्र होतं. पण हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतं, आणि कुणी भेटून रडतही नव्हतं. माझ्या गावी अशा बायका मी पाहिल्या आहेत. समुद्राने माणूस परत दिला नाही तर काय करायचं, हे आमच्याकडे पिढ्यांनी ठरवून ठेवलेलं असतं. दर्भाचा पुतळा करून दहन करतात, मोहल्ल्यात देहाविना नमाज पढतात. ह्या गावावर ही वेळ पहिल्यांदाच आली होती.

चहा झाल्यावर गुरुजींनी छडी घेऊन नकाशापुढे मला उभं केलं.

"बाई, उभ्या नोकरीत मी पोरांना ही जागा दाखवली. इराणचं आखात. नखाएवढं. तुम्ही एवढंच सांगा, तो गोळा कुणाचा व्हता?"

"क्षेपणास्त्र होतं गुरुजी. कुणाचं ते अजून कुणालाच ठाऊक नाही. इराण इराककडे बोट दाखवतं, इराक इराणकडे."

"ते सोडा. ते प्यादे. त्येंच्या पाठीमागं कोण? अमेरिकाच ना?"

पडवीच्या खांबाला टेकलेला विलास माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, इराकची विमानं कुणी दिली ते विचारा म्हणावं."

"त्याला म्हणावं, अमेरिकेचं आरमार तिथं काय मासे धरायला गेल्तं का?"

"अन् रशियाचं?"

माझ्या डोक्यावरून दोघांचं असं चाललं होतं. शेजारची चार माणसं येऊन बसली. मी बोलायला लागले. अमेरिकेला वाटतं, आपण गेलो नाही तर तिथे रशिया बसेल. रशियाला वाटतं, आपण मागे राहिलो तर अमेरिका. दोघांनाही तिथे लढायचं नाही. पण दोघांच्या नौका आल्या म्हणून इराणला वाटतं आपल्याला घेरलं, तो पाण्यात सुरुंग पेरतो. इराकला वाटतं, आता मोठे लोक मधे पडलेत, हीच वेळ. प्रत्येक जण स्वतःला वाचवतोय, आणि त्यातूनच आग पसरतेय.

"पण ह्येंच्यावर कुणी न्हाई का?" शेजारच्या एका म्हाताऱ्याने विचारलं. "आमच्यात मारामारी झाली तर भोकरदनला फौजदार हाय."

"देशांवर फौजदार नसतो, बाबा. आमचा विषय सुरूच तिथून होतो."

गुरुजींनी छडी खाली ठेवली. "म्हंजे बाई, तुमच्या शास्त्रात गुन्हेगारच नसतो?"

"असतो. पण तो एकटा नसतो."

"माझा पोरगा एकटा व्हता," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी रेडिओ लावला.

मी खाली बसले. गुन्हेगार एकटा नसतो, हे वाक्य मी कितीतरी बॅचेसना सांगितलं आहे. मुलं ते वहीत उतरवून घेतात.

चुलीपाशी

सुनंदाने मला आत जेवायला बोलावलं. ज्वारीची भाकरी, मेथी, आणि येसराची आमटी. भाजलेल्या धान्याच्या ह्या मसाल्याची आमटी मी पहिल्यांदाच खाल्ली. तिचा खरपूस वास घरभर होता. ती भाकऱ्या थापत होती. वय पंचविशीच्या आत. बाहेरचं सगळं तिने ऐकलं होतं.

"मामा अन् भावजी रोज हेच करून राह्यले," ती म्हणाली. इकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. "अमेरिका का रशिया. मी आतमधी बसते. मला एक बी जण सांगत न्हाई, ह्यांचं काय झालं."

मी ताट बाजूला सारलं. "मी सांगायलाच आलेय. त्या जहाजावरचा एक माणूस आमच्या गावचा आहे. रफीक."

तिने तव्यावरची भाकरी उलटली, भाजू दिली, काढली. मग तवा उतरवला आणि पदराला हात पुसून माझ्यापुढे बसली. "सांगा."

मी सांगितलं. क्षेपणास्त्र जहाजाच्या मागच्या अंगाला लागलं. इंजिनाच्या खोलीत आग लागली. तेलाचं जहाज, आग पुढे सरकली असती तर सगळेच गेले असते. अशा वेळी इंजिनाच्या खोलीची लोखंडी दारं बाहेरून बंद करतात आणि आत एक वायू सोडतात. त्याने आग गुदमरते.

"अन् माणूस?"

"माणूसही."

"हे आत व्हते?"

"हो. ते आणि आणखी एक परदेशी."

"जित्ते व्हते?"

मला वाटलं होतं, ती हे विचारणार नाही. वाटेत मी मनाशी दुसरंच उत्तर तयार केलं होतं: धूर इतका होता, की काही कळलंच नसेल. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं. "आतून दारावर पाना मारल्याचा आवाज येत होता."

"किती टाइम?"

"वायू सोडेपर्यंत. मग थांबला."

चुलीतलं लाकूड बाहेर आलं होतं, ते तिने आत सारलं. "दार लावलं कुणी?"

"रफीकने. जहाजावरच्या साहेबाने हुकूम केला, त्याने लावलं. लोखंड तापलं होतं, त्याचे हात भाजले. तो म्हणाला, माझं नाव घेऊन सांगा. दुसऱ्या दिवशी ओढून नेताना जहाज बुडालं. म्हणून देह मिळाले नाहीत, म्हणून कंपनीने बेपत्ता लिहिलं."

तिने भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या. मग म्हणाली, "त्याला लेकरं हैत का?"

"दोन मुली."

तिने मान हलवली. डोळ्यांत पाणी नव्हतं. ती उठून पडवीच्या दारात गेली. मी मागे गेले. बाहेर रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. तिने जाऊन तो बंद केला. ह्या घरात सुनेने आजवर रेडिओला हात लावला नसावा, कारण गुरुजी आणि विलास दोघेही तिच्याकडे बघत राहिले.

"मामा," ती म्हणाली, "आत कोंडून मेले ते. दार ठोकत व्हते. बाकीचे वाचावेत म्हणून कुणी उघडलं न्हाई. आता कुणाचा गोळा व्हता ते तुम्ही अन् भावजी जन्मभर काढत बसा. मला बराबर कळलंय. उद्या जलदान करा."

गुरुजी उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. विलास पुढे झाला. त्याने वडिलांच्या काखेत हात घातला. गुरुजींनी तो झिडकारला नाही. पण ते उभेही राहू शकले नाहीत. दोघे तसेच जमिनीवर बसले, एकमेकांना धरून, आणि म्हातारा लहान मुलासारखा ओरडून रडला. वस्तीतल्या बायका धावत आल्या. दिवाळीपासून अडलेलं रडणं त्या दुपारी त्या घराने रडून घेतलं. सुनंदाला बायकांनी वेढलं तेव्हा तीही रडली. मी परसात जाऊन उभी राहिले. ते रडणं माझं नव्हतं. मी फक्त ते आणून पोचवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विधी झाला. पांढऱ्या कपड्यातले बौद्धाचार्य भोकरदनहून आले होते. सुभाषचा कारखान्यातला फोटो पांढऱ्या कापडावर ठेवला. गुरुजी म्हणाले, "विलास, पाणी आण." बाप इतक्या महिन्यांनी मुलाशी बोलला. सगळ्यांनी एकमेकांच्या हाताला हात लावून तांब्यातलं पाणी हळूहळू पात्रात ओतलं. बौद्धाचार्यांनी गाथा म्हणून तिचा अर्थ सांगितला, की नद्या भरून वाहतात आणि समुद्राला मिळतात, तसं इथे दिलेलं गेलेल्या माणसाला पोचतं.

माणसं पांगल्यावर गुरुजी नकाशासमोर उभे होते. छडी हातात नव्हती. बोटाने ते एक रेघ दाखवत होते.

"बाई, आमची पूर्णा गोदावरीला जाती. गोदावरी पूर्वेला. बंगालच्या उपसागरात." बोट तिथे थांबलं. मग त्यांनी नकाशाच्या दुसऱ्या बाजूला पाहिलं, आखाताकडे. "तो तर हिकडं हाय."

मला भूगोल येतो. ते चुकत नव्हते.

परतीच्या गाडीसाठी सुनंदा मला फाट्यापर्यंत सोडायला आली. कपाळ मोकळं होतं. हातात हुरड्याची पिशवी, माझ्यासाठी. एसटी दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "ताई, त्या रफीकला माझा एक निरोप सांगाल?"

"सांगेन."

"त्याला म्हणावं, त्याच्या जागी हे असते तर ह्यांनी बी दार लावलंच असतं. मला म्हाईत हाय ते." ती थांबली. गाडी जवळ आली होती. "अन् म्हणावं, इकडं कधी यायचं न्हाई. मला त्याचं तोंड बघायचं न्हाई."

हे दोन्ही एका दमात, एकाच आवाजात. कंडक्टरने घंटी मारली.

खाडीकाठी

होळीला गावी गेले तेव्हा रफीकला भेटायला गेले. तो अंगणात बसून धाकट्या मुलीची चप्पल शिवत होता. बोटं अजून नीट वळत नव्हती. मी सुनंदाचा निरोप शब्दाला शब्द सांगितला, दोन्ही भाग. तो ऐकत राहिला. दुसऱ्या भागाला त्याने मान खाली घातली. त्यालाही तोच हवा होता असं मला वाटलं.

"बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं, की ईद झाली की तो पुन्हा चढतोय. दुसऱ्या कंपनीचं जहाज. तेलाचंच.

"कुठे?"

"तिकडंच." त्याने दोरा दाताने तोडला. "आता तर दोन्हीकडची आरमारं वाढलीत म्हणे, ताई. नव्या कंपनीचा साहेब म्हणाला, आता भीती नाही."